महिनाखर्चाची वर्गणी : औद्योगिक पट्ट्यातील नव्या विश्वस्तांस खुले पत्र

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण परिसरातील धर्मादाय संस्थांच्या मंडळांवर नव्याने आलेल्या सर्व विश्वस्तांस,



धर्मादाय संस्थेच्या मंडळावर नव्याने आलेल्या व्यक्तीकडे बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्याच बैठकीत निधिसंकलनाचे काम सोपवले जाते, आणि ते सोपवताना तिच्या सेवाभावापेक्षा किंवा त्या विषयातील अभ्यासापेक्षा तिच्या ओळखी अधिक विचारात घेतल्या जातात. ती व्यक्ती कारखान्यात अधिकारी असेल, स्वतःचे वर्कशॉप चालवत असेल किंवा सनदी लेखापाल असेल, तर तिच्या शब्दाखातर एखादी मोठी कंपनी संस्थेला मिळेल, अशी अपेक्षा उघडपणे बोलून दाखवली जाते. ही अपेक्षा अस्थानी नाही. परंतु तिच्यामुळे नव्या विश्वस्ताचे लक्ष पहिल्या दिवसापासूनच मोठ्या, एकरकमी आणि दूर कुठेतरी मंजूर होणाऱ्या पैशाकडे वळते, आणि संस्था ज्या पैशावर दर महिन्याला उभी राहते तो पैसा कोणाचीच जबाबदारी उरत नाही. तो पैसा म्हणजे चालू खर्च : काळजीवाहक ताईंचा पगार, जागेचे भाडे, वीजबिल, किराणा, औषधे, मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीचे डिझेल आणि हिशेब लिहिणाऱ्याचे मानधन. या खर्चावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही, पण तो एक महिना थांबला तर संस्थेचे काम थांबते. नव्या विश्वस्ताने आपली पहिली शक्ती याच खर्चासाठी लावावी आणि तो पैसा सर्वांत आधी या पट्ट्यातील सामान्य रहिवाशांकडे, कामगारांकडे आणि लघुउद्योजकांकडे मागावा, अशी या पत्राची विनंती आहे.

ही विनंती या विशिष्ट भूभागाशी बांधलेली आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, चिंचवड आणि आकुर्डीच्या माळांवर भूखंड आखले गेले, १९७० मध्ये येथे नगरपालिका आली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पुढे हाच विस्तार इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात शिरला आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या भोवती निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांच्या शिवारांत मोटारींचे व सुट्या भागांचे कारखाने आले. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, तो याच लाटेतला. या कारखान्यांच्या मागोमाग मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून माणसे आली. त्यांतील पुष्कळ जण कंत्राटी कामावर आहेत, दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि त्यांच्यामागे अडचणीच्या वेळी धावून येणारे गाव नसते. प्रेस मशीनवर बोटे गमावलेला तरुण, बांधकामावर राबणाऱ्या आईच्या पाठीशी खेळणारे मूल, गावी परतण्यासारखे काही उरले नाही असा म्हातारा कामगार, ही या पट्ट्यातील धर्मादाय संस्थांसमोरची माणसे आहेत. जिथे संपत्ती निर्माण होते तिथेच ही गरजही निर्माण होते, म्हणून तिचा भार त्याच वस्तीने उचलावा, हे न्यायाला धरून आहे.

आता ज्या निधीकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात त्याच्याविषयी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखाद्या मर्यादेला पोहोचतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. यालाच कंपन्यांचे सामाजिक दायित्व किंवा बोलीभाषेत सीएसआर म्हणतात, आणि ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. कंपनीने आपल्या कामकाजाच्या स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही हे कलम सांगते, आणि चाकणच्या संस्था याच वाक्यावर आपली आशा ठेवून असतात. व्यवहारात मात्र कारखाना महाळुंग्यात असतो, निर्णय मुंबईतल्या किंवा त्याहून दूरच्या मुख्यालयात होतो, आणि कारखान्याच्या फाटकाशी भेटणारा मनुष्यबळ विभागाचा अधिकारी कितीही सहृदय असला तरी त्याच्या हाती शिफारशीपलीकडे फारसे काही नसते. शिवाय हा निधी प्रकल्पाला मिळतो. प्रकल्प म्हणजे ठरावीक मुदतीत, ठरावीक अंदाजपत्रकात, मोजता येईल असे फलित दाखवणारे काम. त्यात संगणक कक्ष बसतो, रुग्णवाहिका बसते, स्वच्छतागृहांची बांधणी बसते, पण वृद्धाश्रमातील आजोबांची रात्री कूस बदलून देणाऱ्या मावशींचा बाराही महिन्यांचा पगार त्यात सहजासहजी बसत नाही.

या ठिकाणी एका गैरसमजाचा स्पष्ट उल्लेख आवश्यक आहे, कारण त्यामुळे अनेक संस्था आपल्याच अर्जात स्वतःचे नुकसान करून घेतात. सामाजिक दायित्वाच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती दाखवून, पगाराची रक्कम अर्जातून काढून टाका, असे संस्थांना सुचवले जाते. वास्तविक ही मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चाला लागू आहे; एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च नियमांनीच तिच्या बाहेर ठेवला आहे. पाळणाघराच्या प्रकल्पात पाळणाघर सांभाळणाऱ्या ताईंचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च असतो, आणि तो अर्जात पहिल्या ओळीत, पूर्ण आकड्यानिशी लिहिणे हा संस्थेचा हक्क आहे. नव्या विश्वस्ताने कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर हे नम्रपणे, नियम हाती घेऊन मांडावे. कमी पगार दाखवून मिळवलेला प्रकल्प संस्थेला पुढे वर्षभर त्रास देतो.

तरीही सीएसआरच्या निधीचे स्वरूप बदलणार नाही. तो नफ्याशी बांधलेला आहे, आणि वाहन उद्योगात मंदी आली की नफा घटतो, पाळ्या कमी होतात, कंत्राटी कामगार घरी बसतात. म्हणजे ज्या वर्षी संस्थेच्या दारात अधिक माणसे उभी राहतात, त्याच काळात हा झरा आटण्याचा संभव असतो. एकाच उद्योगावर जगणाऱ्या पट्ट्यात ही जोखीम इतर शहरांपेक्षा मोठी आहे.

याच परिसराला लहान देणगीचा एक मोठा इतिहास आहे, आणि तो या पट्ट्यातील विश्वस्तांना पाठ असायला हवा. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना महाराष्ट्रात रुजवली. देशी उद्योग उभारण्यासाठी श्रीमंतांच्या दारी जाण्याऐवजी सामान्य माणसाकडून एकेक पैसा गोळा करावा, अशी ती कल्पना होती, आणि लोकमान्य टिळकांनी तिला आपले पाठबळ दिले. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत, म्हणजे एकेका पैशाने १,००० रुपये जमवायचे तर ६४,००० माणसांपुढे हात पसरावा लागे; हा हिशेब माहीत असूनही स्वयंसेवक गावोगाव फिरले. त्या पैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभा राहिला, परदेशात काचनिर्मितीचे शिक्षण घेतलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील कामाला दिशा दिली, आणि त्या भट्टीवर हात बसलेले कारागीर पुढे देशातील इतर काचकारखान्यांत गेले. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज कंटेनरांची रांग लागते, त्या रस्त्याच्या टोकाशी असलेल्या गावात मोटारींच्या कारखान्यांच्या कितीतरी आधी लोकवर्गणीतून एक कारखाना चालला होता, ही गोष्ट निधिसंकलनाच्या कोणत्याही प्रशिक्षण वर्गाइतकी शिकवणारी आहे.

पैसा फंडाचे खरे यश रकमेपेक्षा व्यापकतेत शोधले पाहिजे. ज्या माणसाने एक पैसा दिला, त्याला त्या कारखान्याची खबर विचारण्याचा अधिकार मिळाला, आणि असे विचारणारे हजारो लोक असणे हेच त्या कामाचे भांडवल होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेनेही हीच वाट धरली. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृहांच्या चुली पेटत्या ठेवल्या गेल्या, आणि ते धान्य म्हणजे आजच्या भाषेत चालू खर्चच होता. या संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय पिंपरीत आहे आणि तेथे शिकलेले असंख्य तरुण या पट्ट्यात काम करतात. त्यांच्यासमोर मूठमूठ धान्याच्या या मुष्टिफंडाची आठवण काढताना फार समजावून सांगावे लागणार नाही.

मोठ्या देणगीला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले, आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिल्यावर त्या विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. परंतु ही देणगी येण्यापूर्वी कर्व्यांनी हिंगण्याच्या आश्रमासाठी आणि विद्यापीठासाठी वर्षानुवर्षे दारोदार फिरून लहान रकमा जमवल्या होत्या, काम चालू ठेवले होते आणि हिशेब लोकांपुढे मांडले होते. मोठा दाता चालत्या संस्थेकडे येतो. संस्था चालती राहते ती लहान दात्यांमुळे. हा क्रम उलटा करता येत नाही, आणि या पट्ट्यात तो उलटा करण्याचा मोह सर्वांत जास्त आहे.

मग हा लहान पैसा येथे कुठे आहे? भोसरी आणि चिंचवडच्या औद्योगिक वसाहतींत हजारो लघुउद्योग आहेत, जे मोठ्या कारखान्यांना दांडे, ब्रॅकेट, पत्र्याचे भाग, रबरी सील पुरवतात आणि कलम १३५ च्या मर्यादेच्या आसपासही येत नाहीत. त्यांच्यावर कायद्याची सक्ती नसते, त्यांच्याकडे सीएसआर विभाग नसतो, आणि याच कारणाने त्यांच्याकडे जाण्याचा कोणी विचारही करत नाही. मालक स्वतः शॉप फ्लोअरवर असतो, निर्णय तिथल्या तिथे होतो, आणि दरमहा दोन-तीन हजार रुपये देणे त्याला एकदम लाख रुपये देण्यापेक्षा सोपे जाते. त्याला वस्तुरूपाने देणे त्याहून सोपे असते. वसतिगृहाचे लोखंडी पलंग वेल्डिंग करून देणे, रॅक बनवून पावडर कोटिंग करून देणे, रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोतून बाजार समितीतील भाजी पोहोचवणे, हे ज्या हातांना रोजचे आहे त्या हातांकडे ते मागण्यात संकोच नसावा. मात्र वस्तू मागताना माप, संख्या आणि तारीख लिहून द्यावी. ‘जे जमेल ते द्या’ असे म्हटल्यावर जे जमते ते बहुधा संस्थेच्या उपयोगाचे नसते.

दुसरा मोठा समूह पगारदार रहिवाशांचा आहे. वाकड, रावेत, पिंपळे सौदागर, मोशी येथील गृहनिर्माण संस्थांत राहणारे अभियंते, कायम कामगार, बँक कर्मचारी आणि निवृत्त मंडळी दरमहा २०० रुपये देऊ शकतात. अशा ३०० घरांची वर्गणी म्हणजे महिन्याला ६०,००० रुपये, आणि एवढ्या रकमेत लहान संस्थेतील काही काळजीवाहकांचा पगार निघतो. त्यांच्याकडे करसवलतीचे आमिष घेऊन जाण्यात मात्र अर्थ राहिलेला नाही. कलम ८०जी म्हणून सर्वपरिचित असलेली सवलत जुन्या करप्रणालीपुरती आहे; २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत वैयक्तिक करदात्याला ती मिळत नाही, आणि त्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करच द्यावा लागत नाही. त्यातच १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने घेतली असल्याने कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. जुन्या पावती पुस्तकावरील छापील मजकूर तसाच वापरणाऱ्या संस्थांनी तो आपल्या सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावा, आणि दात्याला कामासाठी मागावे, कर वाचवण्यासाठी नव्हे.

पावतीविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण संस्थेविषयी दात्याचा विश्वास याच कागदावर ठरतो. चांगल्या पावतीवर संस्थेचे नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक, पॅन, सवलतीच्या मान्यतेचा क्रमांक, पावतीचा अनुक्रमांक आणि तारीख छापलेली असते. दात्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन लिहिलेला असतो. रक्कम अंकी आणि अक्षरी असते. आणि देणगी सर्वसाधारण निधीसाठी आहे, विशिष्ट कामासाठी आहे की कायम निधीसाठी आहे, याच्या चौकटीत खूण केलेली असते. कायम निधी म्हणजे ज्याचे मुद्दल खर्च करायचे नाही असा निधी, आणि देणगी त्यात जमा करायची तर दात्याची तशी लेखी सूचना असावी लागते. ही खूण करायची राहिली की पुढे हिशेबात वाद होतात. दुकानाच्या काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआर कोडने पैसे सहज येतात, पण त्यांतले पुष्कळसे देणाऱ्याच्या पत्त्यावाचून येतात. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी अधिक असलेल्या रकमेपलीकडे गेल्या, तर जास्तीच्या भागावर धर्मादाय संस्थेला ३० टक्के कर भरावा लागतो. म्हणून कोडशेजारी नाव नोंदवण्याची वही ठेवावी. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीवर सवलत मिळत नाही, हेही आधीच सांगावे. वर्ष संपल्यावर देणग्यांचे विवरण ३१ मेपर्यंत प्राप्तिकर विभागाकडे जाते आणि त्यावरून दात्याला प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र मागितल्यावाचून घरपोच करणारी संस्था पुढच्या वर्षीची वर्गणी जवळजवळ मिळवलेलीच असते.

वर्गणी गोळा करणारे हातही या पट्ट्यात तयार आहेत. प्रत्येक पेठेतील आणि चाळीतील गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते दरवर्षी पावती पुस्तक घेऊन घरोघर जातात, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार त्यासाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढतात, आणि कोणत्या घरी कोणत्या वेळी जावे, रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला केव्हा उठवू नये, हे त्यांना नेमके माहीत असते. आषाढी वारीसाठी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा वाटेवर अन्नदान करणाऱ्यांत कामगारांचे गट मोठ्या संख्येने असतात. देण्याची सवय येथे आहे. सणाच्या चार दिवसांतील ती सवय वर्षाच्या बाराही महिन्यांत कशी पसरावी, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मंडळाच्या कार्यकर्त्याला सोबत घेतल्याशिवाय सापडणार नाही.

देणाऱ्याच्या दारी जाण्यापूर्वी नव्या विश्वस्ताने काही कागद स्वतः वाचलेले असावेत. मागील तीन वर्षांचा ताळेबंद आणि जमाखर्च पत्रक, जे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या अनुसूची ८ आणि ९ च्या नमुन्यांत असतात, ते समजेपर्यंत वाचावेत आणि न समजलेले लेखापालाला विचारावे. दात्यासमोर ‘हिशेब ऑफिसात विचारा’ असे म्हणणाऱ्या विश्वस्तावर कोणी विश्वास ठेवत नाही. स्वतःच्या नेमणुकीचा बदल अर्ज कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल झाला आहे ना, याची खात्री करावी, कारण कंपनीचे अधिकारी नोंदणी उताऱ्यावरील नावे आणि अर्जावरील सह्या ताडून पाहतात आणि उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वीचे मंडळ दिसले की अर्ज बाजूला पडतो. त्याच अर्जासाठी कंपनी कामकाज मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणीही लागते, जी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक झाली आहे.

आणि विश्वस्ताने आधी स्वतः द्यावे. रयतच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले, हे महाराष्ट्र जाणतो. तेवढ्या त्यागाची मागणी कोणाकडे करता येत नाही, पण मंडळातील प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे दरमहा काही रक्कम द्यावी आणि ती पावतीने द्यावी, एवढे मागता येते. निवृत्त शिक्षिकेचे १०० रुपये आणि उद्योजकाचे १०,००० रुपये या दृष्टीने सारखेच आहेत. दात्याने ‘तुमच्या मंडळातले सगळे देतात का?’ असे विचारल्यावर होकार देता आला पाहिजे.

काही पैसे मात्र नाकारावे लागतात आणि ते नाकारण्याचे धैर्य नव्या विश्वस्ताकडेच अधिक असते, कारण जुन्या मंडळींना जुने संबंध राखायचे असतात. सीएसआरचा निधी मिळवून देतो, त्यातील काही टक्के रोखीने परत करा, असे सांगणारे दलाल औद्योगिक भागात फिरतात. असा व्यवहार म्हणजे खोटी बिले, खोटा हिशेब आणि विश्वस्तांवर वैयक्तिक फौजदारी जबाबदारी. तो कितीही मोठ्या रकमेसाठी असला तरी पहिल्याच वाक्यात संपवावा. विश्वस्ताच्या स्वतःच्या दुकानातून संस्थेची खरेदी वाढीव दराने होत असेल तर तीही थांबली पाहिजे, कारण विश्वस्ताला असा लाभ पोहोचला तर प्राप्तिकरातील सूट धोक्यात येते.

याहून नाजूक प्रश्न देण्याच्या पद्धतीचा आहे. बालगृहात वाढदिवस साजरा करण्याची रीत आता सर्वत्र पसरली आहे. शनिवारी संध्याकाळी केक येतो, मुलांना ओळीत बसवले जाते, ज्यांचा वाढदिवस नाही अशी तीस मुले टाळ्या वाजवतात, आणि पाहुण्यांच्या मोबाइलमधून त्यांचे चेहरे रात्रीपर्यंत शेकडो अनोळखी लोकांपर्यंत पोहोचतात. दिवाळीच्या आठवड्यात फराळाचे डबे इतके येतात की ते वाया जातात, आणि जानेवारीत डाळ-तांदळासाठी उधारी करावी लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्धीमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा नसता तरी हे थांबवावे लागले असते. आपले दारिद्र्य दाखवून जेवण मिळते, हे ज्या मुलाला आठव्या वर्षी कळते, त्याच्या मनावर त्याचा व्रण राहतो. दात्याला मुलांशी ओळख हवी असेल तर त्याने महिन्यातून एकदा गणित शिकवायला यावे, सायकल दुरुस्त करायला शिकवावे. छायाचित्र हवे असेल तर स्वयंपाकघराचे, ग्रंथालयाचे किंवा मुलांनी काढलेल्या चित्रांचे घ्यावे. हे नियम छापून प्रवेशद्वाराशी लावल्याने काही पाहुणे रागावतील आणि येणे थांबवतील. तेवढे नुकसान मंडळाने सोसावे.

महाराष्ट्रातील संस्थांची आवडती तिथी योजना हीसुद्धा नव्याने तपासण्यासारखी आहे. आईवडिलांच्या पुण्यतिथीला किंवा मुलांच्या वाढदिवशी दरवर्षी जेवण दिले जावे म्हणून दाता एकदाच रक्कम देतो, ती कायम ठेवीत ठेवली जाते आणि तिच्या व्याजातून त्या दिवसाचे जेवण होते. योजना सुंदर आहे, कारण ती दात्याच्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्या संस्थेशी जोडते. परंतु १,००० रुपयांच्या ठेवीवर ६ टक्के दराने वर्षाला ६० रुपये मिळतात, आणि काही दशकांपूर्वी स्वीकारलेल्या अशा ठेवींचे व्याज आज एका मुलाच्या जेवणालाही जेमतेम पुरते, तरी फळ्यावर त्या दात्याच्या नावे पूर्ण पंगत लिहिली जाते. अशा कुटुंबांना पत्र लिहून आजचा खर्च कळवावा आणि ठेवीत भर घालण्याची विनंती करावी. पुष्कळ कुटुंबांत नातवंडे आता हिंजवडीत किंवा परदेशात नोकरीला असतात आणि आजोबांच्या नावाची तिथी अजून पाळली जाते हे कळल्यावर ती आनंदाने पुढे येतील. त्यांच्यापैकी कोणी परदेशी नागरिकत्व घेतलेले असेल तर मात्र त्याचा पैसा विदेशी अंशदान नियमन अधिनियम, २०१० खाली नोंदणी असल्याशिवाय घेता येत नाही, भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी नातवाचा बचतीतून दिलेला पैसा घेता येतो; हा फरक पत्र पाठवण्यापूर्वी ध्यानात घ्यावा.

मंडळाची पुढची बैठक ज्या दिवशी असेल, त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर ‘दरमहा चालू खर्च व त्याची तजवीज’ हा विषय इतिवृत्त कायम करण्याच्या लगेच नंतर घ्यावा. गेल्या बारा महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च काढून त्याची मासिक सरासरी इतिवृत्तात आकड्याने लिहावी, त्यातील किती भाग नियमित वर्गणीतून येतो आणि किती भाग उसनवारीवर किंवा कर्मचाऱ्यांचे पगार लांबवून भागवला जातो, हेही न लपवता लिहावे, आणि उपस्थित विश्वस्तांनी स्वतःची मासिक रक्कम त्याच ठिकाणी नोंदवावी. तो आकडा नंतर संस्थेच्या फाटकावर, देणगीदारांच्या नावांच्या फळ्याशेजारी, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लिहिला जावा : गेल्या महिन्यात लागले इतके, मिळाले इतके. सहाच्या पाळीवरून परतणारा कामगार तो वाचेल, आणि त्याच्याकडे वर्गणी मागायला जाणाऱ्या विश्वस्ताला बोलण्याची सुरुवात कुठून करावी हा प्रश्न पडणार नाही.